नाझरेथचा सुतार आणि चर्चचे पगारपत्रक

मिस्सेत, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, आपण उभे राहून प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणतो, तेव्हा एका जागी फार घाई होते. "कुमारी मरीयेपासून जन्मला" असे म्हणतो आणि पुढच्याच श्वासाला "पोंती पिलाताच्या अमलात दुःख सोसले". गव्हाणीपासून क्रुसापर्यंतचे सगळे आयुष्य एका स्वल्पविरामात जाते. त्यातली शेवटची दोन-तीन वर्षे शुभवर्तमानांच्या पानापानांवर आहेत, ती तिथे भेटतात. त्याआधीच्या वर्षांचे काय?

रोझरीतही, म्हणजे प्रभूच्या आयुष्यातल्या प्रसंगांवर ('रहस्यांवर') मनन करत म्हटल्या जाणाऱ्या जपमाळेतही, तेच. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीत प्रकाशाची पाच रहस्ये घातली, कारण बालपण आणि दुःखसहन यांच्यामध्ये प्रभूचे सार्वजनिक जीवन रोझरीत नव्हतेच. ही भर मला फार मोलाची वाटते. तरीही पाहा: आनंदाच्या पाचव्या रहस्यात बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो आणि प्रकाशाच्या पहिल्या रहस्यात यार्देन नदीत त्याचा बाप्तिस्मा होतो. संत लूक सांगतो की त्याने कार्याला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. म्हणजे एक मणी सरकतो आणि अठरा वर्षे बोटांमधून निसटतात.

त्या अठरा वर्षांतच ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) श्रमविषयक शिकवणीचा पाया आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि ती शिकवण आपण मानतो की नाही, हे व्यासपीठावरच्या प्रवचनावरून ठरत नाही. ते चर्चच्या स्वतःच्या पगारपत्रकावरून ठरते.

त्या वर्षांबद्दल लूक जेमतेम दोन वाक्ये लिहितो. मुलगा आईबापांबरोबर नाझरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला. ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. बाकी जे कळते ते गावकऱ्यांच्या तोंडून, आणि तेही हिणवण्याच्या सुरात. सभास्थानात तो शिकवू लागला तेव्हा लोक म्हणाले, हा तो सुतारच ना, मरीयेचा मुलगा? मार्कच्या सहाव्या अध्यायात हे आहे. मत्तय "सुताराचा मुलगा" असे लिहितो. मूळ ग्रीक शब्द 'तेक्तोन'. लाकूडकाम करणारा, बांधकाम करणारा, हाताला घट्टे पडलेला कारागीर. घर गरिबाचे होते. बाळाला मंदिरात नेले तेव्हा योसेफ-मरीयेने पक्ष्यांची जोडी वाहिली, आणि कोकरू परवडत नसेल त्याने पक्षी वाहावेत अशी नियमशास्त्राची सवलत होती. नाझरेथहून पायी तासा-दीड तासाच्या वाटेवर सेप्फोरिस हे शहर त्या काळात हेरोद अंतिपा नव्याने उभारत होता. दुसऱ्या शतकात संत जस्टिन लिहितात की येशू नांगर आणि जू बनवत असे.

जू म्हटले की मला मत्तयाच्या अकराव्या अध्यायातले वाक्य आठवते: माझे जू सोयीचे आहे. आपण ते अध्यात्मात नेऊन ठेवतो. पण जू नीट तासले नाही, आतली कड गुळगुळीत केली नाही, तर बैलाची मान सोलवटते. हे ज्याने स्वतः लाकूड घासून पाहिले आहे त्याच्या तोंडी त्या वाक्याचे वजन वेगळे होते.

हा सुतार पहिल्यापासून काहींना अडचणीचा वाटला. केल्सस नावाच्या तत्त्वज्ञाने ख्रिस्ती लोकांची टिंगल करताना त्याच्या सुतारकीवर बोट ठेवले. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाने त्याला सविस्तर उत्तर दिले, आणि त्या उत्तरात तो म्हणतो की चर्चमध्ये मान्य असलेल्या कोणत्याही शुभवर्तमानात येशूला स्वतःला सुतार म्हटलेले नाही! एवढा मोठा विद्वान. पण आज आपण वाचतो त्या मार्कमध्ये तो शब्द सरळ उभा आहे. काही जुन्या हस्तलिखितांत तिथेही "सुताराचा मुलगा" असा पाठ सापडतो. त्या एका शब्दापाशी हात अडखळत होते, हे तर उघड दिसते.

त्याच सुमारास थोमाच्या नावावर बाळ येशूच्या गोष्टींचा एक ग्रंथ फिरत होता. त्यात एक प्रसंग आहे. योसेफाला एका श्रीमंत माणसाची खाट करायची असते. एक फळी आखूड निघते. योसेफ हताश होतो. मुलगा म्हणतो, तुम्ही ते टोक धरा. आणि दुसऱ्या टोकाने फळी ओढून तो ती जोडीच्या फळीएवढी लांब करतो. गोष्ट गोड आहे. ख्रिस्तसभेने हा ग्रंथ पवित्र शास्त्रात घेतला नाही, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. कारण आपण मानतो त्या नाझरेथमध्ये आखूड फळी आखूडच राहिली. दुसरी आणावी लागली, पुन्हा मापावी लागली, पुन्हा कापावी लागली. पुढे रानात भुकेलेल्या येशूला सैतान म्हणाला, या दगडांच्या भाकरी कर, तेव्हा त्याने नकार दिला. भाकरी कशी मिळते हे त्याला तीस वर्षांत पुरते कळले होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील चर्चविषयीच्या दस्तऐवजात हेच एका ओळीत सांगितले: देवाच्या पुत्राने मानवी हातांनी काम केले, मानवी मनाने विचार केला, मानवी हृदयाने प्रेम केले. या यादीत हात पहिले आहेत. तो खरा माणूस होता हे मानायचे, तर त्याची दमणूक खरी मानावी लागते आणि कामाची मजुरीही खरी मानावी लागते.

१५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले. गिरण्या-कारखान्यांत माणसे पिळली जात होती आणि बाजार म्हणत होता की मालक-मजुरांनी राजीखुशीने जो दर ठरवला तो न्याय्य. लिओ तेरावे यांनी याच ठिकाणी पाय रोवला. गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीने मजुराने कमी मजुरी कबूल केली, तर ती त्याची संमती नव्हे. तो बळजबरीचा बळी आहे, असे त्यांनी लिहिले. काटकसरीने राहणाऱ्या माणसाचे पोट भरेल एवढी मजुरी हा निसर्गाचा न्याय आहे आणि तो कराराच्या वरचा आहे. आणि श्रमाने भाकर मिळवण्यात लाज नाही हे सांगताना त्यांनी बोट दाखवले ते नाझरेथच्या सुताराकडे, मार्कच्या त्याच सहाव्या अध्यायाकडे.

पुढची वाट त्यातूनच निघाली. १९३१ साली पायस अकरावे यांनी मजुरी कुटुंबाला पुरेल एवढी हवी असे सांगितले. १९५५ साली पायस बारावे यांनी १ मे हा श्रमिक संत योसेफाचा सण केला. 'रेरुम नोवारुम'च्या नव्वदीनिमित्त जॉन पॉल दुसरे यांचे श्रमावरचे परिपत्रक १९८१ च्या मे महिन्यात यायचे होते, पण १३ मे रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते सप्टेंबरात निघाले. युद्धकाळात या माणसाने स्वतः दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात काम केले होते. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हे त्यांनी लिहिले तेव्हा त्यामागे खाणीतली थंडी होती. अलीकडे, २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले ते मुख्यतः 'रेरुम नोवारुम'साठी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात मानवी श्रमाची प्रतिष्ठा पुन्हा पणाला लागली आहे असे त्यांनी कार्डिनलांना सांगितले.

इतकी स्पष्ट, इतकी सातत्याची शिकवण जगात फार थोड्या संस्थांकडे असेल. मला तिचा अभिमान आहे. म्हणूनच पुढचे लिहिताना हात जड होतो.

मी पेशाने हिशेबनीस. चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाला (एका चर्चच्या परिसरातल्या भाविकांच्या समुदायाला) अर्थ समिती असावी लागते; काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामाच्या अशा समितीवर मला घेतले. पहिल्या बैठकीआधी वर्षाची खातेवही चाळत बसले. सणाची फुले, मेणबत्त्या, ध्वनियंत्रणेची दुरुस्ती, वेदीच्या वस्त्रांचे भरतकाम. त्याखाली एक ओळ: "सफाई, मानधन". आणि पुढच्या रकान्यात लाल शाईने: "खाडे चार, वजा".

ती बाई मला माहीत होती. पहिल्या मिस्सेच्या आधी ती चर्च झाडते. सणाच्या दुसऱ्या दिवशी फरशीवर सांडलेले मेण बोथट सुरीने खरवडत ती गुडघ्यांवर बसलेली असते, आणि लोक तिला वळसा घालून वेदीसमोर गुडघे टेकायला जातात. मीही अनेक वर्षे तसाच वळसा घातला आहे. चार दिवस ती तापाने पडली होती. तिचे चार खाडे कापले गेले. कोणाच्या मनात दुष्टपणा नव्हता. रीतच तशी पडली होती.

'मानधन' हा शब्द मला त्या दिवसापासून टोचतो. मराठीत या शब्दाला सुंदर अर्थ आहे: एखाद्याच्या विद्येचा, कलेचा मान म्हणून दिलेले धन. व्याख्यात्याला मानधन द्यावे. पण रोज पहाटे येऊन राबणाऱ्या माणसाच्या पगाराला मानधन म्हटले की त्यातून मान जातो आणि धनही जाते. पगार म्हटले की आजारपणाची रजा येते, वाढ येते, म्हातारपणाची तरतूद येते. मानधन म्हटले की यातले काहीच मागता येत नाही, मिळाले त्यात उपकार मानायचे. शब्द बदलून हक्काची दया केली जाते.

ही तक्रार बाहेरच्या टीकाकाराची नाही. १९७१ साली रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या सिनोदने, म्हणजे धर्मसभेने, स्वतःच लिहून ठेवले की जो लोकांना न्यायाबद्दल सांगायला निघतो, तो आधी लोकांच्या नजरेत न्यायी असला पाहिजे. आणि चर्चची सेवा करणाऱ्या सर्वांना पोटापुरते मिळावे, सामाजिक सुरक्षा मिळावी. १९८३ च्या चर्च कायद्याचे कलम १२८६ तर एखाद्या कामगार अधिकाऱ्याने लिहावे इतके रोखठोक आहे: चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांनी नोकर ठेवताना देशाचे कामगार कायदे काटेकोर पाळावेत, आणि नोकराला स्वतःच्या व अवलंबून असलेल्यांच्या गरजा भागवता येतील असे न्याय्य वेतन द्यावे. त्यात 'जमल्यास' हा शब्द नाही. 

तरी हा विषय काढला की तीच तीन उत्तरे येतात, आणि ती देणारी माणसे चांगली असतात, म्हणून त्यांच्याशी नीट बोलले पाहिजे.

पहिले उत्तर: ही नोकरी नाही, देवाची सेवा आहे. खरे आहे, चर्च सेवेवरच उभे आहे. गायनमंडळात गाणारा, आजाऱ्यांना भेटायला जाणारा, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारा माणूस आपला वेळ देवाला वाहतो. त्याची भाकर दुसरीकडे शिजते. पण ज्याची चूल याच कामावर पेटते, त्याला "सेवा समज" म्हणणे म्हणजे त्याच्या वतीने आपण देवाला देणगी देणे. दुसऱ्याच्या खिशातून दिलेली देणगी देव घेत असेल असे मला वाटत नाही. आणि या मुद्द्यावर प्रभूचे वाक्य इतके थेट आहे की वळसा घालायला जागा नाही. "कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे" हे येशू कोणाला म्हणाला? शेतमालकांना नव्हे. लूकच्या दहाव्या अध्यायात तो शिष्यांना गावोगावी सुवार्तेसाठी पाठवतो, तेव्हाच त्यांना हे सांगतो. म्हणजे सेवेला निघालेल्यांनाच.

दुसरे उत्तर: पैसे नाहीत. हे उत्तर कधी कधी अगदी खरे असते, आणि तिथे मी आवाज चढवणार नाही. गरीब धर्मग्राम असतात. तिथे धर्मगुरूही अर्धपोटी राहतात. पण मी हिशेबाची बाई आहे, आणि मला माहीत आहे की "पैसे नाहीत" याचा अर्थ बहुतेक वेळा "आधीच्या ओळींत संपले" असा असतो. प्रश्न ओळींच्या क्रमाचा आहे. फुले आणि भरतकाम वर, माणूस खाली. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी कैदी सोडवण्यासाठी चर्चची पवित्र पात्रे वितळवली. विरोधकांनी गहजब केला, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की सोने राखण्यापेक्षा माणसे राखणे बरे. मी कोणाला पात्रे वितळवायला सांगत नाही. पगाराची ओळ वर घ्या, एवढेच म्हणते. आणि खरोखरच भागत नसेल तर ते लपवू नये. मिस्सेनंतर सर्वांसमोर सांगावे की आपण या व्यक्तीचे देणे लागतो आणि ते कसे फेडायचे ते मिळून ठरवू. देणे आहे हे कबूल करणे हीच न्यायाची सुरुवात असते, त्याला पैसे लागत नाहीत.

तिसरे उत्तर धर्मग्रंथातून येते, म्हणून ते सर्वांत जड. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक म्हणतो ना, माझ्या पैशाचे मी हवे ते करीन? म्हणतो. पण ते केव्हा म्हणतो ते पाहा. तो शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिनार देतो, म्हणजे एका दिवसाची पूर्ण मजुरी, आणि त्यावर लोक कुरकुरतात तेव्हा. स्वतःच्या मर्जीचा हक्क तो जास्त देण्यासाठी वापरतो, कमी देण्यासाठी नव्हे. पहाटेपासून राबलेल्यांना ठरलेले पुरते मिळतेच. दाखल्यातला आणखी एक शब्द आपण ओलांडून जातो: "संध्याकाळ झाल्यावर". मालक कारभाऱ्याला संध्याकाळीच मजुरी द्यायला सांगतो, कारण बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात आज्ञा आहे की मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, तो गरीब आहे आणि त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. दिवसभर बाजारात उभा राहिलेला माणूसही त्या रात्री घरी रिकाम्या हाताने जाणार नाही, ही त्या मालकाची काळजी आहे. गावच्या चौकात कामाची वाट पाहत उभे राहणे काय असते, हे सांगणाऱ्याला ठाऊक होते.

कॅथोलिक श्रद्धाग्रंथात स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांची परंपरेने आलेली एक छोटी यादी आहे. त्यात भावाने ठार मारलेल्या हाबेलचे रक्त आहे, परक्यांचा आणि विधवा-अनाथांचा आक्रोश आहे, आणि मजुराला केलेला अन्यायही आहे. खुनाच्या यादीत मजुरी. बायबलमधल्या सिराकच्या ग्रंथाचा चौतिसावा अध्याय हे अजून उघड करतो: शेजाऱ्याची उपजीविका हिरावणारा त्याचा खून करतो, मजुराची मजुरी बुडवणारा रक्त सांडतो. आणि त्याच्याच वरच्या ओळींत म्हटले आहे की अन्यायाने मिळवलेल्यातून केलेले अर्पण कलंकित असते.

हाच अध्याय १५१४ साली क्यूबात एक धर्मगुरू वाचत होता. बार्तोलोमे दे लास कासास. पेन्टेकॉस्टच्या सणाच्या प्रवचनाची तयारी चालली होती. तो स्वतः जमीनदार होता; स्पॅनिश राजवटीने वाटून दिलेले मूळ रहिवासी त्याच्या जमिनीवर आणि खाणीत राबत होते. कलंकित अर्पणाच्या त्या ओळीपाशी तो थांबला. प्रवचन करण्याआधी आपल्या ताब्यातली माणसे सोडावी लागतील, हे त्याला उमगले. त्याने ती गव्हर्नराकडे परत केली आणि १५ ऑगस्टला, मरीयेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, उभे राहून वसाहतवाल्यांना त्यांचा अन्याय सांगितला. हा माणूस निर्दोष नव्हता. पुढे त्याने आफ्रिकेतून गुलाम आणावेत असे सुचवले आणि नंतर त्याचा त्याला आयुष्यभर पश्चात्ताप झाला. पण त्या वर्षीचा त्याचा क्रम बरोबर होता. आधी स्वतःची वही, मग व्यासपीठ.

दर मिस्सेत अर्पणाच्या वेळी धर्मगुरू भाकर उचलून म्हणतात की ही भूमीची देणगी आणि मानवी हातांच्या श्रमाचे फळ आहे. या शब्दांनी पेरणारा, कापणारा, दळणारा, भाजणारा सगळे वेदीवर येतात. त्या क्षणी ज्या फरशीवर आपण उभे असतो ती झाडणारे हातही त्यात येतात. त्या हातांचे चार दिवसांचे पैसे आपल्या पेटीत पडून असतील, तर वेदीवर नेमके काय उचलले जात आहे, हा प्रश्न मला गेली काही वर्षे त्या वाक्यापाशी पुढे सरकू देत नाही.

अर्थ समितीची पुढची बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. ठराव मी लिहून ठेवला आहे. तो पाच ओळींचा आहे. चर्चमध्ये पोटासाठी काम करणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे 'मानधन' खोडून 'वेतन' लिहावे. ते देशाच्या कायद्याने ठरवलेल्या किमान दरापेक्षा कमी नसावे. आजारपणाची रजा पगारी असावी. पगाराची ओळ खर्चाच्या यादीत पहिली यावी. आणि तापाचे ते चार दिवस थकबाकी म्हणून द्यावेत, पाकिटावर तिचे पूर्ण नाव लिहून, सही घेऊन.